फ्रँक चर्च

फ्रँक फॉरेस्टर चर्च (जन्म : बॉइझी, आयडाहो, २५ जुलै १९२४; मृत्यू : बेथेस्डा, मेरीलँड, ७ एप्रिल १९८४) हे अमेरिकेतील एक वकील आणि राजकारणी होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य असलेल्या चर्च यांनी आयडाहो राज्याचे प्रतिनिधी म्हणून १९५७ ते १९८१ अशी सलग २४ वर्षे अमेरिकेच्या सेनेटमध्ये काम केले. व्हिएतनाम युद्धाचे विरोधक, वनसंरक्षणाचे पुरस्कर्ते आणि सेनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष म्हणूनही ते परिचित होते.

सरकारी गुप्तचर संस्थांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी १९७५ मध्ये सेनेटने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष ही चर्च यांची सर्वांत महत्त्वाची ओळख आहे. ही समिती चर्च समिती या नावानेच प्रसिद्ध झाली. अमेरिकेचे सरकार आपल्याच नागरिकांच्या तारा, पत्रे आणि दूरध्वनी संभाषणे यांवर न्यायालयाच्या परवानगीविना कित्येक वर्षे पाळत ठेवत होते, हे या समितीने पुराव्यानिशी लोकांसमोर आणले. संदेशवहनावरील सरकारी टेहळणीला कायद्याची चौकट घालण्याचा अमेरिकेतील एक मोठा प्रयत्न या चौकशीतून झाला. ज्यांच्या संदेशांवर पाळत होती त्यांच्या यादीत स्वतः चर्च यांचेही नाव होते. ही गोष्ट मात्र त्यांच्या मृत्यूनंतर २९ वर्षांनी उजेडात आली.

बालपण आणि शिक्षण

चर्च यांचा जन्म आयडाहो राज्याची राजधानी बॉइझी येथे झाला. त्यांच्या वडिलांचे क्रीडासाहित्याचे दुकान होते. घरातील वातावरण रिपब्लिकन पक्षाला मानणारे होते. वडिलांशी राजकारणावर वाद घालता यावा म्हणून मुलाने विरोधी पक्षाची बाजू अभ्यासायला घेतली आणि तो अभ्यास करता करताच तो डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळला, असे त्यांच्या चरित्रात नमूद केले जाते. मात्र बालपणी त्यांचा आदर्श रिपब्लिकन पक्षाचाच एक नेता होता. आयडाहोचे सेनेटर विल्यम बोरा यांच्या वक्तृत्वाचा आणि स्वतंत्र बाण्याचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला होता.

शाळेत असताना चर्च वक्तृत्वात निपुण होते. १९४१ मध्ये त्यांनी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची राष्ट्रीय वक्तृत्व स्पर्धा जिंकली. तिच्यातून मिळालेल्या शिष्यवृत्तीमुळे त्यांना कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेता आला. दुसरे महायुद्ध सुरू असल्याने त्यांचे शिक्षण मध्येच थांबले आणि ते सैन्यात दाखल झाले. चीन, ब्रह्मदेश व भारत मिळून झालेल्या युद्धक्षेत्रात त्यांनी लष्करी गुप्तवार्ता अधिकारी म्हणून काम केले. शत्रूची बातमी काढणे, ती पारखणे आणि वरिष्ठांपर्यंत पोहोचवणे हे काम त्यांनी तरुणपणीच जवळून पाहिले होते. त्यामुळे पुढे गुप्तचर संस्थांची चौकशी करताना अशा संस्थाच नकोत, अशी भूमिका त्यांनी कधीही घेतली नाही.

विवाह आणि आजारपण

युद्धानंतर चर्च यांनी पदवी पूर्ण केली. १९४७ मध्ये बेथिन क्लार्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बेथिन यांचे वडील चेस क्लार्क हे आयडाहोचे माजी गव्हर्नर आणि त्या वेळी संघराज्याच्या न्यायालयात न्यायाधीश होते. माहेरीच राजकारणाचे बाळकडू मिळालेल्या बेथिन पतीच्या प्रत्येक निवडणुकीत त्यांच्या बरोबरीने प्रचारात उतरल्या. या दांपत्याला फॉरेस्ट आणि चेस असे दोन मुलगे होते.

चर्च यांनी कायद्याचे शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात सुरू केले आणि वर्षभरानंतर ते स्टॅनफर्डला परतले. याच सुमारास, १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. काही महिन्यांचेच आयुष्य उरले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांनंतर ते बरे झाले. या अनुभवाने त्यांच्या स्वभावात बदल झाला. मिळालेले आयुष्य ही एक प्रकारची बक्षिसी आहे, तेव्हा जोखीम पत्करूनच ते जगले पाहिजे, अशी त्यांची धारणा बनली. १९५० मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी बॉइझी येथे वकिली सुरू केली.

सेनेटमधील वाटचाल

१९५२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक चर्च हरले. तरीही चारच वर्षांनी ते थेट सेनेटच्या निवडणुकीस उभे राहिले. पक्षांतर्गत निवडणुकीत माजी सेनेटर ग्लेन टेलर यांचा अगदी थोड्या मतांनी आणि मुख्य निवडणुकीत विद्यमान सेनेटर हर्मन वेल्कर यांचा पराभव करून ते निवडून आले. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षांचे होते आणि सेनेटमध्ये ते सर्वांत तरुण सदस्य होते. १९६२, १९६८ आणि १९७४ मध्ये त्यांची फेरनिवड झाली.

सेनेटमधील बहुमताचे नेते लिंडन जॉन्सन यांचा सुरुवातीच्या काळात चर्च यांच्यावर विश्वास होता आणि त्यांच्याच पाठिंब्याने १९५९ मध्ये चर्च यांना परराष्ट्र व्यवहार समितीत जागा मिळाली. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर दोघांत व्हिएतनामच्या प्रश्नावरून अंतर पडले. १९६४ मध्ये युद्धाचे अधिकार देणाऱ्या टोंकिन आखाताच्या ठरावाला चर्च यांनी पाठिंबा दिला होता. पुढील वर्षापासून मात्र ते युद्धाचे उघड टीकाकार बनले. १९७० मध्ये केंटकीचे रिपब्लिकन सेनेटर जॉन शर्मन कूपर यांच्यासह त्यांनी कंबोडियातील अमेरिकन भूदलावर खर्च करण्यास बंदी घालणारी दुरुस्ती मांडली. ही कूपर-चर्च दुरुस्ती सेनेटने ५८ विरुद्ध ३७ मतांनी संमत केली. प्रतिनिधिगृहाने ती नाकारल्यावर तिचे सुधारित रूप त्याच वर्षाच्या अखेरीस मंजूर झाले. युद्ध सुरू असताना राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांना विधिमंडळाने घातलेल्या मर्यादेचे ते महत्त्वाचे उदाहरण ठरले.

निसर्गसंवर्धनातही त्यांचे काम मोठे आहे. १९६४ चा अरण्य संरक्षण कायदा सेनेटमध्ये संमत करून घेण्यात त्यांचा वाटा होता आणि नद्यांचे नैसर्गिक प्रवाह जपण्यासाठीच्या १९६८ च्या कायद्याचे ते प्रवर्तक होते. जंगलतोड आणि खाणकाम यांवर अनेकांची उपजीविका असलेल्या आयडाहोत ही भूमिका लोकप्रिय नव्हती.

आणीबाणीच्या कायद्यांचा अभ्यास

गुप्तचर चौकशीची पूर्वपीठिका म्हणून चर्च यांच्या आणखी एका कामाचा उल्लेख आवश्यक आहे. मेरीलँडचे रिपब्लिकन सेनेटर चार्ल्स मथायस यांच्यासह ते राष्ट्रीय आणीबाणीविषयक विशेष समितीचे सहअध्यक्ष होते. अमेरिकेत १९३३ पासून जाहीर झालेल्या आणीबाणीच्या चार घोषणा कागदोपत्री अद्यापही लागू आहेत, असे या समितीने १९७३ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या आधारे राष्ट्राध्यक्षाला असाधारण अधिकार देणाऱ्या सुमारे ४७० तरतुदी कायद्याच्या पुस्तकात शिल्लक होत्या. संकटाच्या वेळी दिलेले अधिकार संकट सरल्यावर आपोआप परत येत नाहीत, हा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. त्यातून १९७६ चा राष्ट्रीय आणीबाणी कायदा तयार झाला. पुढे टेहळणीच्या चौकशीतही हेच सूत्र चर्च यांच्या विचारांच्या मुळाशी राहिले.

चर्च समितीची स्थापना

वॉटरगेट प्रकरणामुळे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २२ डिसेंबर १९७४ रोजी, पत्रकार सिमोर हर्श यांचे वृत्त न्यूयॉर्क टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. परदेशातील हेरगिरीसाठी असलेल्या केंद्रीय गुप्तचर संस्थेने, म्हणजेच सीआयएने, कायद्याने मनाई असतानाही देशातील युद्धविरोधी कार्यकर्त्यांवर पाळत ठेवली होती, असे त्या वृत्तात म्हटले होते. या वृत्ताने मोठी खळबळ उडाली. २७ जानेवारी १९७५ रोजी सेनेटने ८२ विरुद्ध ४ मतांनी चौकशी समिती स्थापन केली आणि अध्यक्षपद चर्च यांच्याकडे आले.

समितीत सहा डेमोक्रॅटिक आणि पाच रिपब्लिकन असे ११ सदस्य होते. टेक्ससचे जॉन टॉवर उपाध्यक्ष होते. वॉल्टर माँडेल, गॅरी हार्ट, हॉवर्ड बेकर आणि बॅरी गोल्डवॉटर हे अन्य काही प्रमुख सदस्य होत. मुख्य विधी सल्लागार म्हणून फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी काम पाहिले. समितीने सुमारे ८०० जणांच्या मुलाखती घेतल्या आणि १,१०,००० कागदपत्रे तपासली. बहुतेक साक्षी बंद दाराआड झाल्या.

समितीच्या कामाची व्याप्ती मोठी होती. परकीय नेत्यांच्या हत्येचे कट, संघराज्य अन्वेषण संस्थेने म्हणजेच एफबीआयने मार्टिन ल्यूथर किंग यांचा केलेला पिच्छा आणि विषारी द्रव्यांचे बेकायदेशीर साठे अशा अनेक बाबी तिने तपासल्या. एफबीआयच्या मुख्यालयात देशांतर्गत गुप्तवार्तेच्या ५,००,००० हून अधिक संचिका असल्याचे आढळले. परंतु सामान्य नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी ठरलेला भाग संदेशवहनावरील टेहळणीचा होता.

पत्रांची उघडझाप

सीआयएने १९५३ ते १९७३ या वीस वर्षांत न्यूयॉर्क येथे सोव्हिएत संघाकडे जाणारे आणि तेथून येणारे टपाल तपासले आणि त्यांतील २,१५,००० हून अधिक पत्रे उघडून त्यांची छायाचित्रे घेतली. पाकिटे पुन्हा बंद करून पुढे पाठवली जात, त्यामुळे पत्र पाठवणाऱ्याला वा घेणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे. या पत्रांतून निघालेल्या सुमारे १५,००,००० नावांची सूची संगणकावर तयार करण्यात आली होती. न्यायालयाच्या आदेशाशिवाय दुसऱ्याचे टपाल उघडणे हा अमेरिकेत गुन्हा होता आणि हे संबंधित अधिकाऱ्यांना ठाऊक होते, असे कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. उघडलेल्या पत्रांत रिचर्ड निक्सन यांच्याशी संबंधित पत्र होते, तसेच खुद्द चर्च यांचेही एक पत्र होते.

शॅमरॉक प्रकल्प

राष्ट्रीय सुरक्षा संस्था म्हणजे एनएसए ही १९५२ मध्ये स्थापन झालेली संस्था परकीय संदेश पकडणे आणि सांकेतिक लिपी उलगडणे हे काम करते. १९७५ मध्ये बहुतेक अमेरिकन नागरिकांना तिचे नावही माहीत नव्हते. समितीच्या तपासनीसांना अन्य चौकशीच्या कागदपत्रांतून तिच्या कामाचे धागेदोरे मिळाले आणि त्यांचा माग काढता काढता शॅमरॉक नावाचा प्रकल्प उघडकीस आला.

या प्रकल्पाची मुळे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जातात. युद्धकाळात परदेशी जाणाऱ्या व परदेशातून येणाऱ्या तारांवर सरकारी अभ्यवेक्षण होते. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपत असताना लष्कराने आंतरराष्ट्रीय तारांची वाहतूक करणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांना तारांच्या प्रती यापुढेही देत राहण्याची विनंती केली. आरसीए ग्लोबल, आयटीटी वर्ल्ड कम्युनिकेशन्स आणि वेस्टर्न युनियन या त्या कंपन्या होत. कायद्याचा भंग होईल या भीतीने त्यांनी आधी का-कू केली. तेव्हा १९४७ मध्ये संरक्षणमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी आणि १९४९ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी लुई जॉन्सन यांनी त्यांना खटल्यापासून संरक्षणाचे तोंडी आश्वासन दिले. त्यानंतर कोणा मंत्र्याने वा राष्ट्राध्यक्षाने या व्यवस्थेचा नव्याने विचार केल्याची नोंद समितीला मिळाली नाही. व्यवस्था मात्र अखंड चालू राहिली.

सुरुवातीला तारांचे कागद हाताने निवडावे लागत. १९६० च्या दशकात कंपन्या चुंबकीय फितींवर तारा साठवू लागल्या आणि कामाचे स्वरूपच पालटले. न्यूयॉर्कहून फिती रोज मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे नेल्या जात, तेथे त्यांच्या नकला होत आणि मूळ फिती परत पोहोचवल्या जात. संगणकाला ठरावीक नावे वा शब्द दिले की ते ज्या तारांत असतील त्या वेगळ्या काढता येत. अखेरच्या दोन-तीन वर्षांत एनएसएचे विश्लेषक दरमहा सुमारे १,५०,००० तारा वाचत होते. परकीय वकिलातींच्या तारा मिळवण्यासाठी सुरू झालेली ही व्यवस्था नागरिकांच्या खासगी तारांपर्यंत येऊन पोहोचली होती. मे १९७५ मध्ये संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांच्या आदेशाने ती बंद झाली.

मिनारेट प्रकल्प

मिनारेट हा दुसरा प्रकल्प पाळत याद्यांचा होता. एफबीआय, सीआयए आणि अन्य सरकारी खाती एनएसएला नावे पुरवीत आणि त्या व्यक्तींचे परदेशाशी होणारे दूरध्वनी संभाषण वा तारा हाती लागल्यास त्यांचा वृत्तांत संबंधित खात्याला मिळे. १९६७ ते १९७३ या काळात या याद्यांत सुमारे १,६५० अमेरिकन नावे आली. त्यांपैकी सुमारे ४५० नावे अमली पदार्थांच्या व्यापाराशी संबंधित यादीतील होती. उरलेल्यांत युद्धविरोधी आणि नागरी हक्कांच्या चळवळींतील व्यक्ती व संघटना मोठ्या संख्येने होत्या. या वृत्तांतांवर एनएसएचे नाव छापले जात नसे, म्हणजे कागद फुटला तरी उगम कळू नये, अशी काळजी घेतलेली होती. कोणत्याही नावासाठी न्यायालयाचे वॉरंट घेतलेले नव्हते. १९७३ मध्ये ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी हरकत घेतल्यावर हा प्रकल्प थांबला.

जाहीर सुनावणी आणि चर्च यांचा इशारा

१७ ऑगस्ट १९७५ रोजी चर्च यांनी दूरचित्रवाणीवरील मीट द प्रेस या कार्यक्रमात भाग घेतला. एनएसएचे नाव न घेता त्यांनी तिच्या तांत्रिक सामर्थ्याविषयी भाष्य केले. परकीय शत्रूंचे संदेश ऐकण्यासाठी हे सामर्थ्य आवश्यक आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु तीच यंत्रणा कोणत्याही क्षणी देशातील जनतेकडे वळवता येईल आणि मग दूरध्वनी असो वा तार, कोणाच्याही आयुष्यात खासगी असे काही उरणार नाही, असा त्यांनी इशारा दिला. एखादा हुकूमशहा सत्तेवर आलाच, तर या यंत्रणेपुढे प्रतिकाराचा प्रत्येक प्रयत्न, तो कितीही गुप्त असला तरी, उघडा पडेल आणि तेथून परतीचा मार्ग नसेल, असे त्यांचे मत होते. सत्तेवर आज कोण आहे यापेक्षा यंत्रणेत काय करण्याची ताकद आहे हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला.

२९ ऑक्टोबर १९७५ रोजी एनएसएचे संचालक लू ॲलन यांनी समितीसमोर जाहीर साक्ष दिली. या संस्थेच्या संचालकाने उघडपणे साक्ष देण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी पाळत याद्यांची माहिती दिली. शॅमरॉकची माहिती मात्र प्रसिद्ध करू नये, असा राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सरकारचा आग्रह होता. टॉवर आणि गोल्डवॉटर यांचाही प्रसिद्धीला विरोध होता. खासगी कंपन्यांची नावे उघड केल्यास भविष्यात कोणीही सरकारला सहकार्य करणार नाही, असा त्यामागील युक्तिवाद होता. समितीच्या बहुमताचा कौल घेऊन चर्च यांनी ६ नोव्हेंबर १९७५ रोजी शॅमरॉकचा वृत्तांत जाहीर सुनावणीत वाचला आणि तो कामकाजात नोंदवून घेतला.

टीका

चर्च यांच्यावर कठोर टीकाही झाली. राष्ट्राध्यक्षपदाची महत्त्वाकांक्षा मनात असल्याने ते चौकशीचा वापर प्रसिद्धीसाठी करीत आहेत, असे विरोधक म्हणत. सीआयएचे विषारी सुई फेकणारे पिस्तूल त्यांनी सप्टेंबर १९७५ मध्ये सुनावणीत हातात धरून दाखवले, तेव्हा या आरोपाला जोर आला. त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी अथेन्समध्ये सीआयएचे अधिकारी रिचर्ड वेल्च यांची हत्या झाली. वेल्च यांचे नाव समितीने उघड केलेले नव्हते. ते त्याआधी एका नियतकालिकात आणि अथेन्समधील एका वृत्तपत्रात छापून आले होते. तरीही अशा चौकश्यांमुळे अधिकाऱ्यांचे प्राण धोक्यात येतात, अशी भावना पसरली आणि समितीला मिळणारा लोकांचा पाठिंबा ओसरला.

अहवाल आणि त्याचे परिणाम

समितीने आपला अंतिम अहवाल एप्रिल १९७६ मध्ये सादर केला. त्याचे सहा खंड आहेत. नागरिकांच्या हक्कांविषयीच्या दुसऱ्या खंडात ९६ शिफारशी आहेत. गैरप्रकार एका पक्षाच्या वा एका राष्ट्राध्यक्षाच्या काळापुरते मर्यादित नव्हते, तर फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून निक्सन यांच्यापर्यंत दोन्ही पक्षांच्या राजवटींत ते वाढत गेले, असे समितीने नोंदवले.

मे १९७६ मध्ये सेनेटने गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणारी कायमस्वरूपी समिती स्थापन केली. २५ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी परकीय गुप्तवार्ता टेहळणी कायद्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा फिसा या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. अमेरिकेत परकीय हस्तकांवर इलेक्ट्रॉनिक पाळत ठेवायची असल्यास त्यासाठी एका विशेष न्यायालयाची परवानगी घेणे या कायद्याने बंधनकारक झाले. हे न्यायालय गुप्तपणे चालते आणि त्याच्यापुढे सामान्यतः केवळ सरकारची बाजू मांडली जाते. राष्ट्राची सुरक्षा आणि नागरिकाचा खासगीपणा यांत साधलेली ही तडजोड होती.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आणि पराभव

समितीचे काम संपेपर्यंत चर्च यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी लांबणीवर टाकली. १८ मार्च १९७६ रोजी ती जाहीर केली तेव्हा जिमी कार्टर बरेच पुढे गेले होते. चर्च यांनी नेब्रास्का, आयडाहो, ओरेगन आणि मोंटाना येथील प्राथमिक निवडणुका जिंकल्या, परंतु अखेरीस त्यांनी माघार घेऊन कार्टर यांना पाठिंबा दिला. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही त्यांच्या नावाचा विचार झाला होता. ती संधी समितीतील त्यांचे सहकारी माँडेल यांना मिळाली.

१९७८ मध्ये पनामा कालवा पनामाला परत करण्याच्या करारांची सेनेटमधील बाजू चर्च यांनी सांभाळली. आयडाहोत या भूमिकेमुळे मोठी नाराजी पसरली. १९७९ मध्ये ते परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष झाले. पुढील वर्षी पुराणमतवादी गटांनी त्यांच्या विरोधात जोरदार मोहीम उघडली. रोनाल्ड रेगन यांच्या विजयाच्या लाटेत रिपब्लिकन पक्षाचे स्टीव्ह सिम्स यांनी चर्च यांना अवघ्या ४,२६२ मतांनी हरवले.

अखेरचे दिवस

पराभवानंतर चर्च यांनी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कायद्याची वकिली केली. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ आढळली. ते आजारी असतानाच, मार्च महिन्यात, आयडाहोतील २३,००,००० एकरांहून मोठ्या संरक्षित अरण्याला त्यांचे नाव देण्यात आले. ७ एप्रिल १९८४ रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी बेथेस्डा येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. बॉइझी येथील मॉरिस हिल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांची कागदपत्रे बॉइझी स्टेट विद्यापीठात जतन केलेली आहेत.

मृत्यूनंतर

चर्च यांच्या निधनाच्या वेळी इंटरनेट सर्वसामान्यांच्या हाती आलेले नव्हते. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर एनएसएने फिसा न्यायालयाला बाजूला ठेवून देशातील नागरिकांच्या परदेशाशी होणाऱ्या संदेशांवर वॉरंटविना पाळत सुरू केली होती, हे डिसेंबर २००५ मध्ये उघड झाले. २००८ मध्ये फिसा कायद्यात दुरुस्ती होऊन, परदेशात असलेल्या परकीय व्यक्तींचे संदेश अमेरिकन कंपन्यांकडून मिळवताना प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र वॉरंट घेण्याची आवश्यकता राहिली नाही.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांना दिलेल्या कागदपत्रांतून या टेहळणीचा विस्तार जगाला कळला. व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीच्या लाखो ग्राहकांनी कोणाला, केव्हा आणि किती वेळ दूरध्वनी केला याच्या नोंदी सरकारला रोज दिल्या जात होत्या. या वेळी त्यासाठी फिसा न्यायालयाचा आदेश घेतलेला होता. जे न्यायालय सरसकट पाळत रोखण्यासाठी निर्माण झाले, त्याच्याच आदेशाने ती चालू होती. एकेका व्यक्तीसाठी वॉरंट देणाऱ्या व्यवस्थेने संपूर्ण ग्राहकवर्गासाठी एकच आदेश दिला होता. २०१५ च्या कायद्याने दूरध्वनी नोंदींचे हे सरसकट संकलन थांबवण्यात आले.

स्नोडेन यांच्या कागदपत्रांचा भारताशीही संबंध होता. मार्च २०१३ या एका महिन्यात एनएसएने भारतातून सुमारे ६३० कोटी नोंदी गोळा केल्याचे त्यांत दिसले आणि त्या महिन्यातील देशवार क्रमवारीत भारत पाचवा होता. चर्च समितीच्या शिफारशी मुख्यतः अमेरिकन नागरिकांच्या हक्कांपुरत्या होत्या. परदेशातील सामान्य माणसाच्या खासगीपणाला त्यांतून संरक्षण मिळाले नाही, ही त्या सुधारणांची मोठी मर्यादा होय.

सप्टेंबर २०१३ मध्ये मिनारेट प्रकल्पाविषयीची आणखी काही गोपनीय माहिती खुली झाली. पाळत यादीतील जी नावे तोवर गुप्त होती, त्यांत मार्टिन ल्यूथर किंग, नागरी हक्क चळवळीतील नेते व्हिटनी यंग, मुष्टियोद्धा मुहम्मद अली, पत्रकार टॉम विकर आणि विनोदी स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड यांची नावे निघाली. त्यांच्यासह दोन सेनेटरही होते : हॉवर्ड बेकर आणि फ्रँक चर्च. दोघेही १९७५ च्या चौकशी समितीचे सदस्य होते. ज्या यादीविषयी चर्च यांनी एनएसएच्या संचालकांना जाहीरपणे प्रश्न विचारले, त्याच यादीत त्यांचे स्वतःचे नाव होते.

मूल्यमापन

संसदीय देखरेखीचा नमुना म्हणून चर्च समितीच्या कामाचा आजही अभ्यास केला जातो. गुप्ततेच्या आड चालणाऱ्या संस्थांनाही लोकप्रतिनिधींपुढे उत्तर द्यावे लागेल, हा पायंडा तिने पाडला. समितीमुळे गुप्तचर संस्था दुर्बळ झाल्या, असे काही टीकाकार मानतात. याउलट, तिच्यातून निर्माण झालेले नियम पुरेसे कडक नव्हते, असे नागरी हक्कांच्या पुरस्कर्त्यांचे मत आहे.

चर्च यांच्या काळातील चुंबकीय फिती कालबाह्य झाल्या. युद्धकाळातील तात्पुरती सोय, कंपन्यांशी झालेला तोंडी समझोता, त्याकडे पुन्हा न पाहणारे अधिकारी आणि तंत्रज्ञानाबरोबर वाढत गेलेली व्याप्ती हा शॅमरॉकचा क्रम मात्र इंटरनेटच्या युगातील टेहळणी समजून घेतानाही उपयोगी पडतो. अशा यंत्रणांवरील नियंत्रण एकदा कायदा करून पूर्ण होत नाही, ते वेळोवेळी तपासावे लागते, हे चर्च समितीच्या अहवालावरून आणि त्यानंतरच्या इतिहासावरून दिसून येते.